उथळ समुद्रात सागरी गवताचं कुरण पुन्हा कसं उभं करायचं

सागरी गवत लावायला घेण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हातात हवं: तिथलं आधीचं गवत गेलं कशाने? गढूळ पाण्याने, सांडपाण्यातल्या नायट्रोजनने, तळ उपसल्याने, बोटींच्या नांगराच्या साखळ्यांनी की रोगाने? ते कारण अजून तिथेच असेल तर नवीन गवतही त्याच कारणाने जाईल. जगभरातल्या १,७८६ लावणी-प्रयोगांचा एकत्र आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला, त्यात टिकण्याचं प्रमाण ३७ टक्क्यांच्या आसपास निघालं. बोटी, पाणबुडे, माणसं यांवर होणारा खर्च पाहता पहिलं वर्ष मोजमापात घालवणं स्वस्त पडतं.

कारण शोधताना एक गोष्ट आधी वेगळी काढा. पाणी बिघडलंय, की पाणी चांगलं असून बी पोचत नाही? फ्लोरिडातल्या टॅम्पा बेमध्ये पाणी बिघडलं होतं. १९८० च्या सुमारास सांडपाण्यातला नायट्रोजन काढायला सुरुवात झाली, पाणी निवळत गेलं आणि पुढच्या तीन दशकांत हजारो हेक्टर गवत बहुतांशी आपोआप परत आलं. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यालगतच्या उपसागरांमध्ये नेमकं उलट होतं. १९३० च्या दशकातला रोग आणि १९३३ चं चक्रीवादळ यांनी तिथलं झोस्टेरा मरिना या जातीचं सागरी गवत पार संपवलं. पाणी स्वच्छ होतं, पण जवळपास कुरणच उरलं नव्हतं, मग बी येणार कुठून? तिथे १९९९ पासून सुमारे ७.४५ कोटी बिया २१३ हेक्टरांवर पेरल्या गेल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार ते कुरण ३,६१२ हेक्टरांवर पसरलं होतं. तुमची जागा पहिल्या प्रकारची असेल तर लावणी थांबवा आणि सगळा जोर सांडपाणी व गाळ अडवण्यावर लावा. दुसऱ्या प्रकारची असेल तर पुढे वाचा.

जागा पारखणं: प्रकाश, वाळू, लाटा

सागरी गवत हे शेवाळ नव्हे, मुळं-खोड-पानं-फुलं असलेली वनस्पती आहे. मुळांना ऑक्सिजन पुरवायचा असल्यामुळे तिला शेवाळापेक्षा कितीतरी जास्त प्रकाश लागतो. पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाच्या किमान १० ते २० टक्के प्रकाश तळापर्यंत पोचायला हवा. जागा निवडताना २० टक्केच धरा, कारण नव्या लावलेल्या फुटव्याकडे (मुळं आणि खोडाच्या तुकड्यासकट काढलेल्या कोंबाकडे) अन्नाचा साठा कमी असतो.

प्रकाश मोजायला महागडं यंत्र असलंच पाहिजे असं नाही. सेक्की तबकडी म्हणजे २० सेंमी व्यासाची, आलटूनपालटून काळे-पांढरे चतकोर रंगवलेली वजनदार चकती. सकाळी १० ते दुपारी २ या वेळात, बोटीच्या सावलीच्या बाजूने ती दोरीवर सोडा. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसू लागते ती खोली, या दोन्हींची सरासरी म्हणजे सेक्की खोली. किनाऱ्याच्या गढूळ पाण्यात १.४५ ला सेक्की खोलीने (मीटरमध्ये) भागलं की प्रकाश घटण्याचा गुणांक मिळतो. हिशोब करून बघितला तर २० टक्के प्रकाश साधारण सेक्की खोलीच्या १.१ पट खोलीवर पोचतो. सरासरी सेक्की १.५ मीटर असेल तर गवताची मर्यादा १.६५ मीटर. त्यातही पाव भाग सोडून द्या आणि १.२५ मीटरपर्यंतच लावा. ही मोजणी दर पंधरवड्याला, वर्षभर करायची. पाणी सर्वांत गढूळ असतं तो काळ तर चुकवायचाच नाही, कारण गवत मरतं ते तेव्हा. हॅलोफिलासारख्या बारीक जाती काळोखात महिनाभरही तग धरत नाहीत. पोसिडोनिया मात्र खोडात साठवलेल्या पिष्टावर बराच काळ काढू शकते. तबकडी दिसेनाशी व्हायच्या आतच तळाला टेकत असेल तर ही पद्धत चालत नाही, तिथे पाण्याखालचे दोन प्रकाशमापक वेगवेगळ्या खोलीवर लावावे लागतात.

इथे एक बारकावा बरेच जण चुकवतात. वरची १.२५ मीटर ही खोली सरासरी पाणीपातळीपासून मोजायची, ओहोटीच्या पाण्यापासून नाही. भरती-ओहोटीतला फरक २ मीटर असेल तर ओहोटीची रेषा सरासरीच्या १ मीटर खाली येते. म्हणजे तुमचा तळ ओहोटीच्या पाण्याखाली जेमतेम २५ सेंमी राहिला. उधाणाच्या ओहोटीला पाणी याहूनही खाली जातं आणि तळ तासन्‌तास उघडा पडून पानं उन्हात करपतात. खालून काळोख, वरून ऊन, आणि मधला पट्टा जिथे गवत जगतं. पाणी गढूळ आणि भरती मोठी असेल तर हा पट्टा उरतच नाही. अशा जागी काहीही लावलं तरी जगणार नाही, ती सोडून द्या.

तळ कसा हवा? बारीक वाळू किंवा थोडा चिखल मिसळलेली वाळू उत्तम. सेंद्रिय अंश वजनाच्या ५ टक्क्यांच्या आत असावा. नमुना ६० अंशांवर वाळवून तोला, ५५० अंशांच्या भट्टीत चार तास जाळा आणि पुन्हा तोला. घटलेलं वजन म्हणजे सेंद्रिय अंश. भट्टी नसेल तर हाताने १० सेंमी खणा. वरच्या थरापासूनच गाळ काळा आणि सडक्या अंड्याच्या वासाचा असेल तर त्यात सल्फाइड आहे, ते मुळं जाळतं.

वाळू किती हलते तेही बघा. एक मीटरची गंज न धरणारी सळई तळात ठोका, ३० सेंमी वर राहू द्या, आणि दर महिन्याला उघडा भाग मोजा. एका महिन्यात पातळी ५ सेंमीहून जास्त वरखाली होत असेल तर लहान जाती एक तर गाडल्या जातील किंवा मुळं उघडी पडतील.

हे सगळं जमलं की चाचणीचे वाफे लावा. तीन वेगवेगळ्या खोलींवर प्रत्येकी चार, १ मीटर × १ मीटरचे. शेजारी तेवढेच रिकामे वाफे खूण करून ठेवा, म्हणजे गवत आपोआप येतंय का ते कळेल. किमान एक पूर्ण वर्ष जाऊ द्या. सर्वांत उष्ण आणि सर्वांत गढूळ महिना दोन्ही त्यात आले पाहिजेत.

कोणती जात

जी जात तिथे पूर्वी होती किंवा जवळच्या कुरणात आहे तीच. बाहेरची जात आणू नका. स्थानिक जातींमधून निवड करता येत असेल तर आधी जलद वाढणारी लावा. हॅलोफिला ओव्हॅलिसचं आडवं खोड वर्षाला काही मीटर धावतं, झोस्टेरा मरिनाचं साधारण पाव मीटर, आणि भूमध्य समुद्रातली पोसिडोनिया ओशनिका वर्षाला १ ते ६ सेंमी सरकते. पोसिडोनियाचं तुटलेलं कुरण भरून यायला माणसाचं आयुष्यही पुरत नाही, म्हणून तिथे लावणीपेक्षा नांगरबंदी शंभर पटींनी मोलाची.

उष्ण समुद्रात थॅलासिया या सावकाश वाढणाऱ्या जातीचं कुरण बोटीच्या पंख्याने कापलं गेलं असेल तर त्या चरात थेट थॅलासिया लावू नये. आधी चर वाळूने भरून आजूबाजूच्या तळाच्या पातळीला आणा. सुती किंवा इतर कुजणाऱ्या कापडाच्या नळ्यांत वाळू भरून त्या चरात आडव्या टाकल्या की वाळू वाहून जात नाही. मग हॅलोड्यूल ही जलद पसरणारी जात लावा. थॅलासिया कडेकडेने मागून येते. फ्लोरिडाच्या दक्षिणेकडच्या फ्लोरिडा कीज या बेटांवर अशा चरांवर पक्ष्यांना बसायला खांब रोवले जातात. तिथली वाळू चुनखडीची असल्याने फॉस्फरसची टंचाई असते, आणि पक्ष्यांची विष्ठा ती भरून काढते. ज्या उपसागरात आधीच पोषकद्रव्यं जास्त आहेत तिथे ही युक्ती वापरली तर उलट शेवाळ माजेल.

फुटवे कुठून आणायचे

एक कुरण उभारताना दुसरं उजाड करायचं नाही. मूळ कुरण दाट, मोठं आणि निरोगी असावं. फुटवे काढायला मत्स्य वा किनारा खात्याची लेखी परवानगी लागते, ती आधी घ्या. एका ठिकाणी मूठभर उपटण्याऐवजी विखरून, एकेक काढा. एकूण फुटव्यांच्या ५ टक्क्यांपलीकडे जाऊ नका. पानांवर काळे पट्टे किंवा काळे ठिपके दिसले तर तिथून काहीच उचलू नका, तो लॅबिरिंथुला या सूक्ष्मजीवाचा रोग असू शकतो.

काढताना बोटं वाळूत घालून आडव्या खोडाच्या कडेने सरकवा आणि खोड तोडून, सैल करून उचला. पान धरून ओढलं की पानच हातात येतं. प्रत्येक तुकड्याला खोडाची ३ ते ५ सेंमी लांबी, दोन-तीन पेरं, मुळं आणि मुख्य म्हणजे वाढता शेंडा हवा. शेंडा नसलेला तुकडा काही महिने हिरवा दिसतो, पण पसरत नाही. पहिल्या पाहणीत सगळं छान आणि वर्षाने रिकामं, असं दिसलं तर बहुधा बिनशेंड्याची लावणी झालेली असते. थॅलासियाच्या बाबतीत हे फार कडक पाळा.

वेगवेगळ्या जागांवरून, शक्य असेल तर दोन-तीन कुरणांतून फुटवे घ्या. सागरी गवत खोडाने पसरत असल्याने एका रांगेतले शंभर फुटवे एकाच झाडाचे असू शकतात. ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेमध्ये पोसिडोनिया ऑस्ट्रॅलिसचं एकच झाड १८० किलोमीटर पसरल्याचं २०२२ साली समोर आलं. विविधता असेल तर उष्णतेची लाट किंवा रोग आला तरी काही फुटवे तगतात.

वादळानंतर किनाऱ्याला लागलेले ताजे तुकडे हा दुसरा मार्ग. ऑस्ट्रेलियातल्या ऑपरेशन पोसिडोनिया या प्रकल्पात हेच करतात, आणि त्यामुळे मूळ कुरणाला हातही लावावा लागत नाही. हिरवी पानं, कडक खोड, शाबूत शेंडा असलेलेच निवडा.

काढलेले फुटवे समुद्राच्याच पाण्यात, सावलीत, गर्दी न करता ठेवा. ओल्या गोणपाटात गुंडाळून उन्हात ठेवलेला ढीग आतून तापतो आणि दोन-तीन तासांत खराब होतो. २४ तासांच्या आत लावणी व्हावी.

लावणी

झोस्टेरासारख्या जातींना बांबूच्या चिमट्याची पद्धत सर्वांत सोपी. साधारण ३० सेंमीच्या बांबूच्या काड्या रात्रभर भिजवा आणि मध्यभागी दुमडा, पूर्ण मोडू देऊ नका. दोन फुटवे घ्या, खोडं समांतर, शेंडे एकमेकांच्या उलट दिशांना. वाळूत बोटाने २ सेंमी खोल चर पाडा, त्यात खोडं आडवी दाबा, चिमटा दोन्ही खोडांवरून खाली खुपसा आणि वाळू सारखी करा. पानांच्या बुडाशी पांढरट आवरण असतं. मूळ कुरणात ते जेवढं वाळूत होतं तेवढंच इथेही गाडलं गेलं पाहिजे. जास्त गाडलं तर वाढीचा बिंदू गुदमरतो, कमी गाडलं तर पहिल्याच लाटेला खोड उघडं पडतं. शेवटी पानं हलकेच ओढून बघा. सरकलं तर चिमटा बदला, मऊ चिखलात लांब काडी लागते.

अंतर ५० सेंमी ठेवलं तर चौरस मीटरला चार जोड्या, म्हणजे आठ फुटवे. हेक्टरला ८०,०००. शांत पाण्यात हे अंतर पुरतं. लाटा जास्त असतील तर तेवढेच फुटवे दाट पुंजक्यांत लावा आणि पुंजक्यांमध्ये मोकळी जागा सोडा. पुंजक्यातले फुटवे एकमेकांभोवतीची वाळू धरून ठेवतात.

उधाणाच्या ओहोटीचे दिवस निवडा, तेव्हा उथळ तळ हाताशी येतो. दोऱ्या आदल्या दिवशी ताणून ठेवा. मागे सरकत लावा, म्हणजे लावलेल्यावर पाय पडत नाही. चिखलाचा तळ असेल तर गुडघ्याखाली फळी घ्या.

कठीण किंवा खेकडे फार असलेल्या तळावर जाळीची चौकट चालते. ६० × ६० सेंमीच्या तारेच्या जाळीवर ५० फुटवे कुजणाऱ्या कागदी पट्टीने बांधा, विटा बांधून चौकट तळावर ठेवा आणि तीन ते पाच आठवड्यांनी मुळं धरली की चौकट काढून पुन्हा वापरा. भारताच्या पाल्कच्या सामुद्रधुनीत बांबूच्या चौकटीवर काथ्या ताणून, काथ्याच्या पिळात फुटवे अडकवून त्या तळावर बसवल्या जातात. हे सगळं जागच्या जागी कुजून जातं, काढायला परत यावं लागत नाही, म्हणून आमच्या मते उष्ण किनाऱ्यांवर हीच पद्धत आधी करून पाहावी. प्लास्टिकची जाळी किंवा नायलॉनच्या गाठी अजिबात नकोत.

तिसरी रीत मुळांसकट ढेप काढण्याची. १० ते १५ सेंमी व्यासाचा पाईप २० सेंमी खोल दाबून गाळासकट गवत उचलायचं. टिकण्याच्या दृष्टीने चांगली, पण जड, मूळ कुरणाला खड्डे पाडणारी. तळ उपसण्याच्या कामात जे कुरण जाणारच आहे तिथूनच अशा ढेपी घ्या.

बियांची पेरणी

मोठ्या क्षेत्रावर फुटव्यांपेक्षा बी परवडतं, पण जात बी देणारी हवी. झोस्टेरा मरिनाचं बी ३ मिमीच्या आसपास, उभ्या रेघांचं, पिकल्यावर तपकिरी-काळं. बी धरलेले दांडे पिकायच्या बेताला हाताने खुडा आणि वाहत्या समुद्रपाण्याच्या, हवा सोडलेल्या टाकीत ठेवा. दांडे काही आठवड्यांत कुजतात आणि बी तळाला बसतं. रोज ढवळा, नाहीतर ढीग आतून सडतो आणि बीही जातं. कुजलेला पाला जाड चाळणीने काढा, बी १ मिमीच्या चाळणीवर धरा, मग बादलीत पाणी फिरवून ओता. भरीव बी झटकन खाली बसतं, पोकळ बी आणि कचरा पाण्याबरोबर जातो. दोन बोटांत दाबून पाहा, जिवंत बी कडक लागतं. साठवण ४ अंशांच्या आसपास, खारट पाण्यात, पाणी वरचेवर बदलत.

व्हर्जिनियातल्या आकड्यांवरून चौरस मीटरला सरासरी ३५ बिया पडतात. मोकळ्या पेरलेल्या बियांतून दहा टक्के रोपं उभी राहिली तरी चांगलं म्हणायचं, अनेकदा त्याहून कमीच मिळतात. बाकीच्या खेकडे खातात, प्रवाह नेतो, किंवा तळातले किडे इतक्या खोल ओढतात की कोंब वर येत नाही. बी १ ते ३ सेंमी खोल बसलं की उत्तम, ५-६ सेंमीखालून कोंब पृष्ठभागापर्यंत पोचत नाही. म्हणूनच नेदरलँड्स-जर्मनी-डेन्मार्कच्या किनाऱ्यालगतच्या उथळ वॉडन समुद्रात बी बारीक चिखलात कालवून, बांधकामात फटी भरायला वापरतात तसल्या दाबनळीने तळात टोचतात. वेल्सच्या डेल किनाऱ्यावर वाळू भरलेल्या छोट्या गोणपाटी पिशव्यांतून बी दोरीवर टाकलं गेलं. पिशवी खेकड्यांपासून वाचवते आणि नंतर कुजते.

थॅलासिया, एनहॅलस आणि पोसिडोनिया यांचं बी साठवता येत नाही. फळ फुटलं की बी लगेच रुजायला लागतं, काही दिवसांत ते तळावर पोचलंच पाहिजे.

काय बिघडतं आणि ते कसं ओळखायचं

मेलेलं गवत कधी आणि कसं मेलं यातच कारण असतं. म्हणून पहिली पाहणी दोन आठवड्यांतच करा.

चिमट्यासकट सगळं गायब आणि जागी खड्डा, तर पाकट मासे किंवा मोठे खेकडे खणत आहेत. खड्डा नाही पण पुंजके गेले, तर लाटा. चिमटा जागेवर आणि फुटवा बुडाशी कातरलेला, तर खेकडे. पानांना अर्धवर्तुळाकार चावे, तर मासे. शंका असेल तर दोन वाफ्यांवर जाळीचा पिंजरा घाला, दोन उघडे ठेवा. पिंजऱ्यातलं जगलं आणि बाहेरचं गेलं की वाद मिटला. पिंजऱ्यावर शेवाळ चढून सावली पडते, तो दर आठवड्याला घासा, नाहीतर चाचणीच चुकते.

आठवड्याभरात पानं तपकिरी, खोड मऊ: वाहतुकीत वाळलं किंवा तापलं. दोन-तीन महिन्यांत फुटवे हळूहळू विरळ: प्रकाश कमी, उथळ वाफे आणि खोल वाफे यांची तुलना करा. पानांवर केसाळ तपकिरी थर: पाण्यात पोषकद्रव्यं जास्त. मुळं काळी आणि वास: सल्फाइड. पांढरं आवरण नेहमीपेक्षा लांब: वाळू चढते आहे. उन्हाळ्याच्या शेवटी एकदम मर: उष्णता. झोस्टेरा मरिनाला २५ अंशांपुढे ताण येतो आणि ३० च्या जवळ ते मरू लागतं.

पहिल्या महिन्यात थोडी मर होतेच आणि जुनी पानंही गळतात, तेवढ्याने घाबरून उपटून बघू नका. तीन महिन्यांनी अर्ध्याहून जास्त जोड्या जिवंत असतील तर नांग्या भरा, म्हणजे मेलेल्यांच्या जागी नवीन लावा. त्याहून कमी असतील तर कारण सापडेपर्यंत एकही नवीन फुटवा लावू नका.

लावणीच्या जागेत नांगर टाकला जाऊ नये म्हणून खुणेचे तरंगते गोळे लावा. बोटी बांधायच्या जुन्या साखळ्या तळावर गोल फिरून वाळू खरवडतात, तिथे तळाला न टेकणारी ताणदोरीची व्यवस्था करून घ्या. हे मच्छीमारांशी बोलून ठरवा. गाळाचे पट्टे, पाकट कुठे चरतात, पूर्वी गवत कुठवर होतं, हे त्यांना कोणत्याही नकाशापेक्षा नेमकं माहीत असतं.

मोजणी

१, ३, ६ आणि १२ महिन्यांनी, मग दरवर्षी, किमान पाच वर्षं. प्रत्येक वाफ्यात ५० × ५० सेंमीची चौकट टाकून फुटवे मोजा, चारने गुणलं की चौरस मीटरचा आकडा मिळतो. सोबत पानांची उंची, पुंजक्याचा सर्वांत लांब आणि सर्वांत रुंद व्यास, आणि वरून एक फोटो. त्याच दिवशी जवळच्या नैसर्गिक कुरणातही तीच मोजणी करा, नाहीतर एखाद्या वाईट वर्षातली घट तुमच्या लावणीच्या माथी येईल. पुंजके एकमेकांना भिडले, फुलं धरली आणि वाफ्याबाहेर नवीन रोपं दिसली की कुरण स्वतः चालायला लागलं असं धरा.

मूळ कुरणातही, जिथून फुटवे काढले तिथे खुणेच्या चौकटी ठेवा आणि त्याच तारखांना मोजा. वर्षभरात ती जागा भरून आली नाही, तर पुढच्या हंगामात तिथून काढणी बंद.